राजम्याच्या पहिल्या पानांवर पाळत

किराणा दुकानातला राजमा रात्रभर भिजवून कुंडीत टोचला, की आठवडाभरात वाकलेल्या मानेची रोपं माती फोडून वर येतात. बियांची जाड दळं दोन बाजूंना फाकतात आणि मधून पहिली दोन पानं उलगडतात. ही पानं साधी, समोरासमोर, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची असतात. तीन पर्णिकांची पानं येतात ती नंतर. पाळत ठेवायची ती या पहिल्या जोडीवर.

सामान फारसं लागत नाही. कंपासपेटीतला कोनमापक एका काडीला चिकटवून पानामागे रोवायचा आणि तासातासाला कोन वहीत मांडायचा. दुपारी पान जवळजवळ आडवं असतं. ऊन कलायला लागलं की त्याचं टोक खाली येऊ लागतं. अंधार पडायची ते वाट बघत नाही. रात्री पान खोडालगत सरळ लोंबतं. बघणाऱ्याला वाटतं, पाणी कमी पडलं. हात लावून बघा: पान टवटवीत असतं, मरगळ कुठेच नसते. त्याच वेळी देठ मात्र उलट वर उचललेला असतो. हे कोनमापकात अडकलेल्या नजरेतून सहज निसटतं.

सगळी करामत देठ आणि पातं जुळतात त्या सांध्याची. नखाएवढाही नसलेला हा फुगीर भाग भिंगातून बघावा. रात्री त्याच्या खालच्या बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि त्यामागोमाग पाणी निघून जातं, वरच्या बाजूच्या पेशी फुगतात आणि पातं खाली वाकतं. पहाटे सगळा व्यवहार उलटा. तोही उजाडायच्या आधीच सुरू झालेला असतो.

म्हणजे पान उजेडाच्या हुकमावर हलत नाही. फ्रान्समध्ये द मेराँ यांनी लाजाळूचं रोप अंधारात ठेवून बघितलं, तर तिथेही पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत होती. हे 1729 सालचं. पण घड्याळ रोपाच्या आतलंच आहे हे पटायला पुढे दोनशे वर्षं लागली आणि त्यात मोठा वाटा राजम्याच्याच भाऊबंदांचा होता. 1930च्या सुमारास फ्रँकफुर्टमध्ये एर्विन ब्युनिंग आणि कुर्ट श्टेर्न घेवड्याच्या पानांची हालचाल तळघरात नोंदवत होते. रोझे श्टोपेल यांच्या आधीच्या प्रयोगांत अंधारातली पानंही रोज ठरलेल्या वेळीच खाली जात, म्हणून बाहेरचं काहीतरी अज्ञात कारण त्यांना वेळ सांगत असावं असा समज होता. कारण निघालं ते अगदीच घरगुती. पाणी घालायला माणूस रोज ठराविक वेळी लाल दिवा घेऊन आत जाई. लाल उजेड झाडांना जाणवत नाही असं तेव्हा सगळे धरून चालले होते. पानं मात्र त्यावरच आपलं घड्याळ लावून घेत होती. तो दिवाही बंद केल्यावर लय 24 तासांची राहिली नाही, सुमारे 25.4 तासांची झाली. बाहेरचं कुणी वेळ सांगत असतं, तर ती रोज अशी मागे पडली नसती.

मला या सगळ्या शोधात हा लाल दिवा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बघणारा स्वतःच प्रयोगात शिरतो, आणि तेही पाणी घालण्याच्या निमित्ताने! खिडकीतल्या कुंडीला रात्री क्षणभर टॉर्चचा उजेड लागला तर फारसं बिघडत नाही, दुसऱ्या दिवशीचं ऊन वेळ पुन्हा जुळवून देतं. पण रोप कपाटात ठेवून आतली लय बघायची असेल, तर टॉर्चला हिरव्या जिलेटिनच्या चार-पाच घड्या बांधाव्यात आणि तोही उजेड कोन वाचण्यापुरताच पाडावा. पाणी रोज वेगळ्या वेळी घालावं. मोबाइलने टाइमलॅप्स घेता येतो, देखणाही दिसतो, पण फ्लॅश चालू राहिला तर तो आपलाच लाल दिवा.

कपाटातलं रोप फार दिवस साथ देत नाही. अन्न संपत जातं, झोका लहान होत जातो. खिडकीतसुद्धा पान जून झालं की हालचाल मंदावते. तेव्हा राजमा भिजत घालण्याआधी पुढच्या पंधरवड्यातल्या पहाटे आपल्याला जाग येणार आहे का, एवढं बघून घ्या.