पूल वाहून नेणारे चालक : लष्करी ट्रकमागच्या आठवणी

चंदीगढला लागून असलेल्या मोहालीत संशोधन आणि व्यवस्थापन शिक्षणाच्या संस्थांमुळे ‘नॉलेज सिटी’ या नावाने ओळखला जाणारा परिसर आहे. चंदीगढ, मोहाली आणि पंचकुला या तिन्ही शहरांत निवृत्त सैनिकांची मोठी वस्ती असून लष्कराच्या पश्चिम कमांडचे मुख्यालयही जवळच चंडीमंदिर येथे आहे. २०१७ पासून चंदीगढमध्ये लष्करी साहित्य महोत्सव भरू लागला आणि युद्धाच्या आठवणींना व्यासपीठ मिळाले. रणगाडे व विमानांच्या कथा अनेकांना ठाऊक असतात. परंतु रणगाड्यांसाठी पूल वाहून नेणाऱ्या ट्रकचालकाचे ज्ञान क्वचितच कागदावर उतरते.

पंजाबच्या भूगोलामुळे या ज्ञानाला विशेष महत्त्व आहे. नद्या, कालवे आणि बांध यांनी सीमाभाग विभागलेला आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये लाहोर आघाडीवर इच्छोगिल कालव्याने भारतीय सैन्याची वाट अडवली. पाकिस्तानी सैन्याने कालव्यावरील पूल उडवून दिले होते. ३ जाट पलटणीने ६ सप्टेंबर रोजी डोगराईपर्यंत मजल मारली. मात्र पाठीमागून कुमक न पोहोचल्याने तिला माघारी यावे लागले. जिंकलेली भूमी राखायची असेल तर पायदळामागोमाग अवजड वाहनेही पाण्यापलीकडे जावी लागतात, हा त्या लढाईचा धडा होता.

त्या काळात मुख्य भिस्त बेली पुलावर होती. ब्रिटिश अभियंता डोनाल्ड बेली यांनी दुसऱ्या महायुद्धात तयार केलेला हा पूल सुट्या पोलादी चौकटींचा असतो. दहा फूट लांबीची एक चौकट सुमारे २६० किलो वजनाची असून सहा जवान ती उचलू शकतात. सर्व भाग साध्या ट्रकमधून नेता येतात. मात्र भरणीचा क्रम चुकल्यास सारे काम खोळंबते. पायाच्या पट्ट्या आणि रोलर आधी लागतात, चौकटी त्यानंतर. रोलर असलेला ट्रक वाटेत रुतला, तर मागच्या साऱ्या चौकटी निरुपयोगी ठरतात. म्हणूनच ताफ्यातील आपले स्थान कायम राखणे हे चालकाचे पहिले कर्तव्य होय.

अंधारातील प्रवास

पूल टाकण्याचे काम शत्रूच्या नजरेआड, म्हणजे बहुधा रात्री करावे लागते. अशा वेळी पुढचे दिवे बंद असतात. ट्रकच्या मागील आसाजवळचा गोल भाग पांढरा रंगवलेला असतो आणि त्यावर एका लहानशा दिव्याचा उजेड पडतो. मागून येणारा चालक केवळ त्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवून अंतर राखतो. ठिपका दिसेनासा झाला की ताफा तुटला, असे समजावे. वाहनावरील पिवळ्या गोल पट्टीवरचा आकडा वाहनाचा भारवर्ग सांगतो. तो पुलाच्या भारवर्गापेक्षा अधिक असेल, तर पुलावर चढणे धोक्याचे ठरते.

वाहने बदलली, तशी चालकाची कसोटीही बदलली. जबलपूर येथे १९५९ पासून तयार होऊ लागलेल्या शक्तिमान ट्रकांनी दीर्घकाळ सेवा बजावली. पुढे १९८०च्या दशकात चेक बनावटीचे टाट्रा ट्रक आले. त्यांच्या इंजिनाला थंड ठेवण्यासाठी पाणी लागत नसे आणि खडबडीत भूमीवर प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होत असे. अडचण अशी, की स्टिअरिंग डावीकडे होते. भारतीय रस्त्यांवर पुढच्या वाहनाला ओलांडताना चालकाला शेजारी बसलेल्या सहकाऱ्याच्या डोळ्यांवर विसंबावे लागे.

पुण्याचा वाटा

पुण्याजवळील दिघी येथील डीआरडीओच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ‘सर्वत्र’ हा पूल विकसित केला. ट्रकच्या पाठीवर कात्रीसारखी घडी केलेला पुलाचा एक तुकडा असतो. पहिला ट्रक काठाकडे पाठ करून तुकडा उलगडतो. दुसरा त्याच तुकड्यावरून मागे मागे जात पुढचा तुकडा टाकतो. अशा प्रकारे ७५ मीटरपर्यंतचे अंतर जोडता येते. याच संस्थेचा साडेनऊ मीटरपर्यंतची दरी ओलांडणारा लहान पूल तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या हस्ते २ जुलै २०२१ रोजी लष्करात दाखल झाला. यंत्रे सुधारली, तरी अरुंद तुकड्यावरून अवजड ट्रक उलटा नेण्यासाठी चालकाचा हात स्थिरच हवा.

या कौशल्याची गरज युद्धापुरती नाही. ३० जुलै २०२४ रोजी केरळमधील वायनाड जिल्ह्यात भूस्खलन झाल्यावर चूरलमला येथे लष्कराने १९० फुटी बेली पूल उभारला. मूळच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मेजर सीता शेळके यांनी तेथे केलेल्या कामाची महाराष्ट्रात विशेष दखल घेतली गेली. कन्नूर विमानतळावर उतरलेले पुलाचे भाग डोंगरातील वळणांवरून ट्रकनेच चूरलमला येथे पोहोचले आणि १ ऑगस्टला पूल वाहतुकीस सज्ज झाला.

१९७१ च्या युद्धात ट्रक हाकणारी पिढी आता सत्तरीपलीकडे गेली आहे. पुलाची लांबी आणि भारक्षमता कागदपत्रांत सापडते. ओल्या काठावर चाक कधी रुतते आणि अंधारात ठिपका हरवल्यास काय करावे, हे मात्र त्या चालकांकडूनच ऐकावे लागेल. त्याची नोंद होण्यास उरलेला अवधी थोडा आहे.