पिवळ्या यंत्रावरचा माणूस

खेडेगांवांत जेसीबी यंत्र आलें म्हणजे पोरासोरांपासून थोरांपर्यंत सारे कामधाम टाकून त्याच्या भोंवतीं गोळा होतात. लोखंडी दांत जमिनींत रुततात, मातीचा ढीग उचलला जातो, आणि दहा गड्यांनीं दिवसभर करावें तें काम घटकाभरांत उरकतें. हें पाहण्यांत कोणाचाहि वेळ सहज निघून जावा. परंतु त्या यंत्राच्या कांचेच्या खोलींत जो तरुण बसलेला असतो त्याच्याकडे मात्र कोणी फारसें पाहत नाहीं. त्याचें काम कसें चालतें, त्यास कोणतें ज्ञान लागतें, आणि त्याच्या हातून गांवाचें हित वा अहित किती होऊं शकतें, याचा थोडा विचार वाचकांनीं करावा म्हणून हा लेख.

या यंत्राचें नातें दुष्काळी मुलखाशीं विशेष आहे, व तो मुलूख पाहावयाचा तर नगर जिल्ह्यांत पाहावा. क्षेत्रफळानें हा महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा जिल्हा. २०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर असें झालें. पश्चिमेस अकोल्याकडे सह्याद्रि मेघांस अडवून भरपूर पाऊस पाडतो. तेथेंच प्रवरेवर १९१० ते १९२६ या काळांत भंडारदऱ्याचें धरण बांधलें गेलें, आणि त्याच्या पाण्यावर उत्तरेकडे ऊंस पिकूं लागला. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके मात्र पर्जन्यछायेंत पडले. तेथें पाण्यासाठीं जमीन उकरणें हा पिढ्यान् पिढ्यांचा उद्योग. विहिरी, ताली, बांध हीं सर्व कामें पूर्वीं कुदळ, पहार, फावडें व घमेलें यांवरच होत. वडार समाजाच्या कष्टांवर कित्येक गांवांनीं पाणी प्यालें आहे. १९७२ च्या दुष्काळांत तर शेतकऱ्यांच्या घरच्या स्त्रियाहि खडी फोडावयास व डोक्यावर माती वाहावयास बाहेर पडल्या. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत सुमारें ५० लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं.

जेसीबी हें वस्तुतः यंत्राचें नांव नसून माणसाचें आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थानें १९४५ सालीं स्टॅफर्डशायर परगण्यांतील उटॉक्सेटर गांवीं लहानशा जागेंत धंदा सुरू केला, व १९५३ सालीं पुढें माती भरणारें आणि मागें खोदणारें असें जोडयंत्र बाजारांत आणलें. १९७९ सालीं दिल्लीजवळ बल्लभगड येथें त्याच्या कंपनीची यंत्रें आपल्या देशांत बनूं लागलीं. पुढें पुण्याजवळ तळेगांवासहि कारखाना निघाला. आपल्या लोकांनीं त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें या जातीच्या साऱ्याच यंत्रांस देऊन टाकलीं. पोक्लेन या फ्रेंच कंपनीचें नांवहि असेंच साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या मोठ्या खोदयंत्रास चिकटलें आहे.

या यंत्राच्या पुढच्या अंगास रुंद बकेट असते, म्हणून त्यास लोडर म्हणतात. मागच्या अंगास कोपरासारखा वांकणारा हात व त्याच्या टोंकास लहान बकेट. सामान्य यंत्राचें वजन साडेसात-आठ टन, शक्ति सुमारें ७५ अश्वांची, आणि मागचा हात साडेचार मीटरपर्यंत खोल पोंचतो. हें सारें बळ तेलाच्या दाबाचें. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम आपलीं मुलें शाळेंत घोकतात. येथें तोच नियम खडक उपटतो. पंप तेल दाबतो, तें नळ्यांतून सिलिंडरांत जातें, व दट्ट्या लोखंडी हात हलवितो. खोदतांना चालक आसन फिरवून मागें तोंड करतो, दोन्ही बाजूंचे जॅक जमिनीवर घट्ट टेकवितो, आणि दांड्यांच्या हालचालीनें तो हात स्वतःच्या हातासारखा वापरतो.

हा धंदा शिकण्याची जुनी रीत गुरुगृहीं राहण्यासारखीच आहे. मुलगा प्रथम हेल्पर म्हणून राहतो. पहांटे सांध्यांस वंगण देतो, इंजिनाचें तेल व पाणी पाहतो, नळी कोठें पाझरते काय तें तपासतो, आणि उस्तादाच्या विश्रांतीच्या वेळीं दांड्यांवर हात बसवितो. अलीकडे याचे पद्धतशीर अभ्यासक्रमहि निघाले आहेत. पण खरी विद्या जमिनीची. वरची काळी माती, तिच्याखालचा मुरूम, त्याखालचा मांजऱ्या व मग काळा पाषाण, हे थर बकेटच्या दांतांस बसणाऱ्या धक्क्यावरून व इंजिनाच्या बदलत्या आवाजावरून जाणत्या चालकास कळतात. पुस्तकांत भूगर्भशास्त्र न वाचलेला हा मनुष्य हातानें तें वाचीत असतो.

यंत्र तासाच्या भाड्यानें जातें. चालकास मात्र बहुधा महिन्याचा पगार व वर भत्ता मिळतो. यंत्र उभें राहिलें तरी मालकाच्या कर्जाचे हप्ते उभे राहत नाहींत, म्हणून तें सारखें चालतें राहावें असा मालकाचा आग्रह असतो. त्यांत उन्हाळा हाच ऐन मोसम, कारण पावसापूर्वीं शेततळीं व नाले उरकावयाचे. सततच्या हादऱ्यांनीं कंबर व मणके दुखावतात, धूळ छातींत जाते. डोक्यावर विजेच्या तारा, पायाखालीं विहिरीच्या कांठची भुसभुशीत माती, उतारावर कलंडण्याचें भय, आणि फिरत्या हाताच्या टप्प्यांत नकळत येणारें एखादें मूल, इतकीं संकटें त्यास एकदम डोळ्यांपुढें ठेवावीं लागतात. म्हणूनच शहाणा चालक बकेट जमिनीवर टेकविल्यावांचून यंत्रावरून खालीं उतरत नाहीं.

याहून अवघड संकट धर्माचें. रात्रींच्या वेळीं नदीच्या पात्रांतून चोरटी वाळू काढण्याचा हुकूम झाला तर त्यानें काय करावें? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमान्वयें असें यंत्र जप्त होऊं शकतें. परंतु हुकूम देणारा घरीं स्वस्थ निजलेला असतो. सांपडतो तो चालक. नाहीं म्हणावें तर नोकरी जाते, हो म्हणावें तर अब्रू जाते.

या यंत्रामुळें मजुराच्या पोटावर पाय आला, हा आक्षेपहि खोटा नाहीं. दुष्काळांत माणसास काम मिळालें पाहिजे म्हणून महाराष्ट्रानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला. केंद्राच्या २००५ च्या कायद्यानेंहि मजुरांस हटविणारीं यंत्रें त्या कामांवर शक्यतों वापरूं नयेत असें ठरविलें. स्त्रीच्या डोक्यावरचें घमेलें उतरलें हें इष्टच झालें. पण घमेल्याबरोबर तिची मजुरीहि उतरली. यंत्राचें कौतुक करतांना हा हिशेब विसरतां कामा नये.

दुसरा हिशेब पाण्याचा. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान सुरू झालें व गांवोगांव नाले खोल करण्यास यंत्रें लागलीं. २०२० सालीं विधिमंडळापुढें आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानें सुमारें ९,६३४ कोटि रुपये खर्चूनहि भूजलपातळी वाढविण्याचा हेतु फारसा साधला नाहीं असा निष्कर्ष काढला. तज्ज्ञांचा मुख्य आक्षेप हाच कीं, डोंगरमाथ्यापासून पाणी अडवीत येण्याऐवजीं नालाच खोल करण्यावर भर पडला. मर्यादेबाहेर खोदल्यास पाझराचा थर उघडा पडतो व शेजारच्या विहिरींचें पाणी नाल्यांत उतरूं लागतें. कांठावर टाकलेली माती पहिल्याच पावसांत परत आंत येते. आणि जेथें मोबदला तासावर किंवा मातीच्या मापावर ठरतो, तेथें थांबावयाचें कोठें हें कोण सांगणार?

याच जिल्ह्यांत हिवरे बाजार आहे. १९९० सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, आणि गांवानें श्रमदानानें डोंगरउतारावर चर खणले. परंतु तेवढ्यावर न थांबतां कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, शेतीसाठीं कूपनलिका घेण्यास मनाई केली, आणि दरवर्षीं पाण्याचा ताळेबंद मांडून पिकें ठरविलीं. पाणी राहिलें तें या संयमामुळें. यंत्र हा केवळ हात आहे. डोकें गांवाचें असावें लागतें. तें ठिकाणावर असेल तर जो खड्डा महिन्याचा तो दिवसाचा होतो. नसेल तर महिन्याची चूकहि दिवसांत होते.

आपल्या सुशिक्षित घरांचा याच्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. घराचा पाया खणावयाचा असो कीं शेतावर तळें करावयाचें असो, हा मनुष्य एक दिवस आपल्या दारीं येतोच. जमिनीखालून नळ व तारा कोठून गेल्या आहेत हें त्यास आधीं सांगावें. मुलांस दूर ठेवावें. दुपारच्या वेळीं त्यास सावलींत बसवून पाणी व चार घांस द्यावे. आणि तो 'येथें खणूं नये' म्हणाला तर त्याचें ऐकावें. घरांतील एखादा मुलगा यंत्रांच्या ओढीनें याच वाटेस जाऊं म्हणेल, तर नाक मुरडण्याऐवजीं रीतसर शिक्षण व परवाना घेण्यास त्यास पाठबळ द्यावें, आणि कोणत्या हुकुमास नकार द्यावयाचा हेंहि घरींच शिकवावें. दांडी कशी ओढावी हें उस्ताद शिकवील. ती केव्हां सोडावी हें शिकविण्याचें काम आपलें आहे.