माळव्याचं ऊन आणि गाडीचं ऑईल

"गर्मी का इलाका है भिया, गाढा डलवाओ." देवास असो की धार, गाडीचं ऑईल बदलायला गॅरेजात गेलं की हे वाक्य कानावर पडतंच. घरी येऊन सांगितलं की बाबा किंवा काकाही मान डोलावतात. त्यांनी अ‍ॅम्बेसेडर, फियाट आणि पुढे मारुती ८०० चालवलेली असते आणि त्या गाड्यांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. त्या इंजिनांत भागांमधली फट मोठी असायची, ऑईलचे प्रकार मोजके होते आणि 'ट्वेंटी-फॉर्टी' मागितलं की काम व्हायचं. आज आपल्या पिढीच्या दारात उभी असलेली गाडी वेगळी आहे. हप्ते अजून चालू आहेत आणि ती दहा-बारा वर्षं चालावी अशी अपेक्षा आहे. मी संगणकवाला आहे, मिस्त्री नाही. पण इंजिनिअरिंगला शिकलेलं थोडं आठवतं आणि गाडीबरोबर आलेली पुस्तिका वाचायची सवय आहे, तेवढ्या भांडवलावर हे लिहितो आहे.

डब्यावर '५डब्ल्यू-३०' असं काहीतरी छापलेलं असतं. हे दोन आकडे म्हणजे देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीसारखे. गाव एकच, पण गाद्या दोन आणि प्रत्येकीचा कारभार स्वतंत्र. पहिला आकडा थंडीचा, दुसरा गरम इंजिनाचा. डब्ल्यू म्हणजे विंटर. पुष्कळांना तो वजनाचा, म्हणजे वेटचा, वाटतो आणि मग 'वीस म्हणजे पाचापेक्षा दमदार' असा हिशेब होतो.

हे आकडे ठरवते एसएई ही अमेरिकेतली वाहन अभियंत्यांची संस्था. तिने ऑईलची पहिली वर्गवारी १९११ मध्ये केली. ऑईल किती सहज वाहतं किंवा वाहायला किती अडतं, या गुणाला व्हिस्कॉसिटी म्हणतात. पुस्तकी मराठीत श्यानता, आणि घरात आपण म्हणतो दाटपणा. थंडीची परीक्षा ०डब्ल्यू ऑईलला उणे ३५ अंशांवर द्यावी लागते, ५डब्ल्यूला उणे ३०वर, १०डब्ल्यूला उणे २५वर, १५डब्ल्यूला उणे २०वर आणि २०डब्ल्यूला उणे १५वर. त्या थंडीत इंजिन फिरवता येईल इतकंच ऑईल दाट व्हावं, अशी अट असते.

दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑईल किती दाट उरतं ते सांगतो. हे मोजायचं एकक सेंटीस्टोक. २० नंबरचं ऑईल ६.९ ते ९.३ च्या दरम्यान हवं, ३० नंबरचं ९.३ ते १२.५, ४० नंबरचं १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९. म्हणजे वीस, तीस, चाळीस हे अंश नाहीत आणि टक्केही नाहीत. त्या पट्ट्यांची नावं आहेत. '४० म्हणजे चाळीस डिग्रीसाठी' असं सांगणारे भेटतात, त्यांचं मनावर घेऊ नका.

आता उन्हाचा मुद्दा. मी एक साधी स्प्रेडशीट केली. बाजारातल्या नेहमीच्या ऑईलचे ४० आणि १०० अंशांचे आकडे कंपन्या छापतात, त्यावरून मधल्या आणि खालच्या तापमानाचे आकडे सूत्राने निघतात. जानेवारीतल्या पहाटे आपल्याकडे पारा पाच अंशांवर आला, तर ढोबळ हिशेबाने ०डब्ल्यू-२० साधारण २५० सेंटीस्टोक, ५डब्ल्यू-३० साधारण ४०० आणि २०डब्ल्यू-५० तब्बल १७०० च्या घरात जातं. पाचवर माणसं शेकोटी पेटवतात आणि इंजिनात चौपट दाट पाक फिरत असतो. पंप तो ढकलतो, पण दाब वाढला की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि काही ऑईल वर न जाता माघारी वळतं. फिल्टरचा बायपासही उघडू शकतो, म्हणजे सुरुवातीचं ऑईल न गाळताच फिरतं. इंजिनाची झीज बरीचशी या पहिल्या क्षणांत होते.

बरं, मे महिन्याचं काय? दुपारी त्रेचाळीस अंशांत उभ्या गाडीतलं ५डब्ल्यू-३० साठ सेंटीस्टोकच्या आसपास असतं. तेच ऑईल इंजिन गरम झाल्यावर दहा-अकरावर येणार आहे, आणि इंजिन बनवणाऱ्याने सगळं गणित त्या दहा-अकरावर बसवलेलं आहे. म्हणजे आपण ज्याला कडक ऊन म्हणतो त्या उन्हातही बंद इंजिनातलं ऑईल गरजेपेक्षा पाच-सहा पट दाट असतं. इंजिनाच्या दृष्टीने धारची मे महिन्यातली दुपारसुद्धा थंडच!

आणि एकदा इंजिन तापलं की बाहेर पाच अंश आहेत की त्रेचाळीस, याने तितका फरक पडत नाही. थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा मिळून कूलंट नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवतात आणि ऑईल त्याच्या मागोमाग राहतं. उन्हाळ्यात ते थोडं वर जातं, नाही असं नाही. पण 'इलाका गरम म्हणून दोन नंबर वर' याला आधार उरत नाही.

उलट नव्या इंजिनात जास्त दाट ऑईलने नुकसान होऊ शकतं. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑईलच्या दाबावर चालते आणि तिच्या वाटा अगदी बारीक असतात. ठरवून दिलेल्यापेक्षा फार दाट ऑईल तिथे उशिरा पोचतं. मायलेजही थोडं घटतं. आणि वॉरंटीत इंजिनाचं काही निघालं, तर कंपनीचा पहिला प्रश्न असतो, कुठलं ऑईल घातलं होतं?

मग घालायचं कुठलं? आमच्या धंद्यात नवा मुलगा काही विचारायला आला की आम्ही आधी विचारतो, डॉक्युमेंटेशन वाचलंस का? इथेही तेच. डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेली ओनर्स मॅन्युअल काढा. तिच्यात आडव्या पट्ट्यांचा एक तक्ता असतो, खाली तापमान आणि वर ग्रेड. आपल्याला पाच ते पंचेचाळीस अंश झाकणारी पट्टी हवी. एकच ग्रेड दिलेला असेल तर विषय संपला. दोन-तीन दिलेले असतील तर निवड तुमची.

इथे एक शंका रास्त आहे. उणे ३५ची परीक्षा पास झालेलं ०डब्ल्यू ऑईल लडाखला ठीक, माळव्यात कशाला? परीक्षा आपल्या कामाची नाही हे खरं. आपल्याकडे २०डब्ल्यूवरही गाडी सुरू होतेच. पण कंपनी ०डब्ल्यू-२० सांगते ते इंजिनाची रचना आणि मायलेज दोन्ही धरून. एकाच इंजिनासाठी वेगवेगळ्या देशांच्या पुस्तिकांत वेगवेगळे ग्रेड दिसतात, त्यामागे त्या त्या देशाचे मायलेजचे नियमही असतात. म्हणून माझं मत असं: पुस्तिकेच्या बाहेर जायचं नाही. पुस्तिकेत ३० आणि ४० दोन्ही असतील आणि गाडी दीड लाख किलोमीटर झालेली, थोडं ऑईल पिणारी असेल, तर खुशाल ४० घ्या. नव्या गाडीला ३०.

दुसऱ्या आकड्याचा खरा कस लागतो तो सतत ताण पडतो तेव्हा. लग्नाला पुण्याला निघालात, गाडीत पाच जण, डिकी भरलेली, एसी चालू, सेंधव्यापुढे बिजासन घाट, मग शिरपूर-धुळे. अशा वेळी ऑईल शंभराच्या बरंच वर जातं आणि बेअरिंगमधला पातळ थर टिकवणं महत्त्वाचं ठरतं. त्याचीही वेगळी परीक्षा आहे, १५० अंशांवरची, आणि योग्य ग्रेडचं ऑईल ती पास होऊनच डब्यात येतं. आपल्या धार जिल्ह्यात पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, २०२१ मध्ये उद्घाटन झालेला. तिथे गाडी ताशी दोनशेच्या वर सलग पळवता येते. तुम्ही बायपासवर तसं करत नसाल (करू नका), तर ५० नंबरची गरज बहुधा नाही.

आपल्या गाड्यांचा खरा शत्रू ऊन नसून छोटी फेरी आहे, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही. देवासमध्ये शाळा, भाजी मंडई, टेकडी, क्लास, सगळं दोन-तीन किलोमीटरमध्ये. कूलंटचा काटा मधोमध येतो, आपल्याला वाटतं गाडी तापली. ऑईल मात्र त्याहून बराच उशिरा तापतं. ते पूर्ण तापायच्या आत आपण गाडी बंद करतो. मग ज्वलनातली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्येच राहतं, उडून जात नाही. पेट्रोलने ऑईल पातळ होतं, म्हणजे डब्यावरचा नंबर प्रत्यक्षात उरतच नाही. रोज देवास-इंदूर करणाऱ्याची गाडी वर्षाला वीस हजार किलोमीटर पळते आणि तिचं ऑईल चांगलं राहतं. आजोबांची गाडी वर्षात तीन हजार पळते आणि तिचंच ऑईल आधी खराब होतं. पुस्तिकेत 'सिव्हिअर' वापराचं वेगळं वेळापत्रक असतं, त्यात हा छोट्या फेऱ्यांचा वापर मोडतो. किलोमीटर झाले नाहीत म्हणून ऑईल दोन-दोन वर्षं ठेवू नका, महिने मोजा. आणि आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास हायवेवर नेऊन आणा. आई-बाबांनाही फिरणं होतं.

पिथमपूर आणि देवासच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या घरी आणखी एक प्रकार दिसतो. ट्रकचं १५डब्ल्यू-४० सहज मिळतं, तेच पेट्रोल कारमध्ये जातं. ग्रेड पुस्तिकेत असला तरी डब्यावरची एपीआयची अक्षरंही पाहा. 'एस'ने सुरू होणारी पेट्रोलसाठी (एसपी २०२० मध्ये आलं), 'सी'ने सुरू होणारी डिझेलसाठी. ट्रकच्या ऑईलमधली काही रसायनं पेट्रोल गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मानवत नाहीत. बीएस-६ डिझेल कारमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असेल, तर कमी राख सोडणारंच ऑईल लागतं. नाहीतर तो फिल्टर चोंदतो, आणि त्याची किंमत ऐकून घाम फुटतो.

उरलेलं कारचं ऑईल गिअरच्या बाइकमध्ये ओतू नका. बाइकचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑईलने तो घसरू शकतो. तिच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' हवं.

शेवटी डिपस्टिक. ग्रेडवर तासभर वाद घालणारे ती सहा महिने बाहेर काढत नाहीत. सपाट जागी गाडी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, काडी पुसा, परत घाला, काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या वर भरणंही चूक. ऑईल काळं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, मळ धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. प्रवासात धुळ्याच्या अलीकडे पातळी खाली गेलेली दिसली आणि आपला ग्रेड दुकानात नसला, तर जवळच्या ग्रेडचं अर्धा लिटर घाला आणि पुढे निघा. कमी ऑईलवर पळवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. परत आल्यावर ऑईल बदलून घ्या, सीलबंद डबा समोर उघडायला लावा आणि बिलावर ग्रेड व किलोमीटर दोन्ही लिहून घ्या.