रॉकेट उडवा, पण मोजूनच

शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली, हवा भरायचा पंप, एक रबरी बूच आणि अर्धा-पाऊण लिटर पाणी, एवढ्या सामानात तीस-चाळीस मीटर उंच जाणारे रॉकेट तयार होते. यातली एकही वस्तू नंदुरबार जिल्ह्यात दुर्मीळ नाही. विसरवाडीच्या महामार्गावरच्या टपऱ्यांपासून होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापर्यंत रिकाम्या बाटल्यांना तोटा नाही. पंक्चरच्या दुकानात जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मिळतो आणि शहादा-तळोद्याकडच्या केळी-पपईच्या शेतांत ठिबकच्या नळ्यांचे तुकडे सापडतात. पण विज्ञान प्रदर्शनात पाहुण्यांसमोर एकदा उडवून टाळ्या घेतल्या, की या रॉकेटचे काम संपले असे समजले जाते. माझे म्हणणे असे, की तिथे ते संपत नाही, सुरूही होत नाही. तेच रॉकेट पंधरा वेळा उडवले, दर वेळी एकच गोष्ट बदलली आणि उंची मोजून वहीत लिहिली, तर ती शाळेची सगळ्यात स्वस्त आणि तरीही अस्सल प्रयोगशाळा होते. नंदुरबारसारख्या जिल्ह्याला तिची गरज सगळ्यात जास्त आहे.

आधी ते उडते कसे, हे पाहू. बाटलीत तिसरा हिस्सा पाणी भरायचे, तोंडाला व्हॉल्व्ह बसवलेले बूच घट्ट लावायचे, बाटली उलटी उभी करायची आणि पंपाने हवा भरायची. हवा पाण्यातून बुडबुडत वर जाते आणि उरलेल्या जागेत दाबून बसते. ४५ पौंड दाब, म्हणजे मोटारसायकलच्या मागच्या चाकात भरतात त्याहून थोडा अधिक, झाला आणि तोंड मोकळे केले, की ही हवा पाण्याला सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने खाली ढकलते. नर्मदेच्या काठावर होडीतून उडी मारणाऱ्याच्या पायाखालची होडी जशी मागे सरते, तशी पाणी खाली गेल्यामुळे बाटली वर जाते. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास दोन सेंटिमीटरच्या थोडा वर असतो. तेवढ्या तोंडातून मिळणारा रेटा सुरुवातीला वीस किलो वजनाइतका असतो आणि पाण्यासकट रॉकेटचे वजन असते जेमतेम सातशे ग्रॅम. म्हणून ते डोळ्याला न दिसावे इतक्या झटक्यात उठते. सगळे पाणी सेकंदाच्या दहाव्या भागात बाहेर पडून जाते आणि त्यानंतरचा प्रवास रॉकेट केवळ मिळालेल्या वेगावर करते. इस्रोच्या रॉकेटांतल्या ‘विकास’ इंजिनातून वायू सेकंदाला अडीच-तीन किलोमीटर वेगाने बाहेर पडतात, या बाटलीतून पाणी पंचवीस मीटरने. फरक आकड्यांत प्रचंड आहे, नियम मात्र तोच.

आता खरा प्रश्न असा, की पाणी किती घालायचे? मुलांना विचारले तर पहिले उत्तर बहुधा ‘जास्त’ असेच येईल, कारण पाणी म्हणजे इंधन असे वाटते. पण शक्ती पाण्यात नसते, दाबलेल्या हवेत असते. बाटली पाण्याने गच्च भरली तर हवेला जागाच उरत नाही. पाणी अगदी थोडे घातले तर हवेची शक्ती भरपूर असते, पण जोरात मागे फेकायला पुरेसे वजन नसते. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी सगळ्यात चांगले प्रमाण असणार, हे तर्काने कळते. ते नेमके कुठे, हे मोजल्याशिवाय कळत नाही. दाब तोच ठेवून २००, ४००, ६००, ८०० आणि १००० मिलिलिटर पाणी घालावे, प्रत्येक प्रमाणाने तीन-तीन वेळा उडवावे आणि सरासरी काढावी. आलेख काढला की मधे उंचवटा आणि दोन्ही बाजूंना उतार दिसतो. उंचवटा बहुधा ४०० ते ८०० मिलिलिटरच्या दरम्यान येतो. नेमका आकडा बाटलीच्या वजनावर आणि दाबावर ठरतो, म्हणून तो पुस्तकातून उतरवून चालत नाही. याच वेळी आणखी एक गोष्ट हाती लागते. नुसत्या बुचावर बसवलेले रॉकेट कधी सुटेल हे बूच किती घट्ट ठोकले त्यावर ठरते, म्हणजे दाब दर वेळी वेगळा राहतो आणि आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मग मुलेच म्हणतात, की बाटलीला धरून ठेवणारा खटका हवा, जो ठरलेल्या दाबाला दोरी ओढून सोडता येईल. प्रयोगातली एक छुपी बाब शोधून ती काबूत आणणे, हे विज्ञानातले मोठेच काम आहे आणि ते इथे नववीतल्या मुलाच्या हातून होते.

उंची मोजायलाही महागडे काही लागत नाही. कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या मध्यावर दोरा बांधून त्याला एक नट लटकवला, की उन्नत कोन मोजायचे साधन तयार. रॉकेटपासून ४० मीटरवर उभ्या असलेल्या मुलाने रॉकेट सगळ्यात वर असताना ४० अंशांचा कोन वाचला, तर ४० गुणिले टॅन ४०, म्हणजे सुमारे साडेतेहतीस मीटर. त्यात त्याच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवली की झाले पस्तीस मीटर. वाऱ्याने रॉकेट एका बाजूला कलते, म्हणून समोरासमोर दोघांनी कोन मोजून सरासरी घ्यावी. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ आहे. दहावीत गुरुत्वाकर्षण आहे, अवकाश मोहिमा आहेत आणि गणितात त्रिकोणमिती आहे. तेव्हा ‘अभ्यासक्रम संपवायला वेळ पुरत नाही, हे खेळ कधी करायचे’ या शिक्षकांच्या रास्त तक्रारीला उत्तर असे, की हा प्रयोग अभ्यासक्रमाबाहेरचा नाही. चार धडे एका मैदानावर एकत्र येतात. मनोऱ्याची उंची काढायची उदाहरणे वहीत सोडवणाऱ्या मुलाला त्या उदाहरणाचा उपयोग इथे पहिल्यांदा दिसतो.

नंदुरबारचे नाव मी मुद्दाम घेतो आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार दर दहांपैकी जवळजवळ सात माणसे आदिवासी आहेत, आणि साक्षरता राज्याच्या ८२ टक्क्यांसमोर ६४ टक्के होती. अक्कलकुवा आणि अक्राणीच्या डोंगरातली मुले घरी पावरी किंवा भिली बोलतात, नवापूरकडची मावची किंवा कोकणी, आणि शाळेत विज्ञान शिकतात पुस्तकी मराठीतून. ‘क्रियाबल आणि प्रतिक्रियाबल एकाच वेळी प्रयुक्त होतात’ असे वाक्य पाठ करणाऱ्या मुलाला नियम कळला की वाक्य, हे परीक्षेतून समजत नाही. रॉकेटसमोर मात्र आधी डोळ्यांना दिसते, हाताला कळते, मग शब्द येतो. ही केवळ आशा नाही. याच नर्मदेच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १६ शाळांत सुरू झाला. पुढे तो साऱ्या जिल्ह्यातल्या उच्च प्राथमिक वर्गांत पोहोचला आणि २००२ मध्ये शासनाने बंद करेपर्यंत खेड्यातल्या सरकारी शाळांतली मुले साध्या सामानाने स्वतः प्रयोग करून शिकत होती. खानदेशातही सत्तरच्या दशकात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत असेच काम केले. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता होशंगाबादच्याच मुशीतून पुढे आले आणि नंतर पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांनी हे काम घराघरात नेले. ग्रामीण मुलाला प्रयोग झेपत नाही, हा समज या कामांनी केव्हाच खोटा ठरवला आहे.

यावर एक आक्षेप गंभीर आहे, आणि तो आदिवासी मुलांच्या बाजूनेच घेतला जातो. शहरातल्या मुलांना सुसज्ज प्रयोगशाळा आणि डोंगरातल्या मुलांना रिकाम्या बाटल्या, हा कोणता न्याय? प्रयोगशाळेची मागणी सोडावी असे मी म्हणत नाही. भिंग, तराजू, विद्युतमापक प्रत्येक शाळेत हवेच, आणि बाटली आहे म्हणून ते टाळता येणार नाही. पण पाण्याचे रॉकेट ही गरिबाची सोय नव्हे. ब्रिटनची मापनशास्त्राची राष्ट्रीय संस्था, नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी, पाण्याच्या रॉकेटची स्पर्धा भरवते. आशिया-प्रशांत देशांच्या अवकाश संस्थांचा मंच २००५ पासून शाळकरी मुलांसाठी असाच उपक्रम घेत आला आहे. ज्यांच्याकडे कोट्यवधींची उपकरणे आहेत, तेही मुलांच्या हाती बाटलीच देतात, कारण तिच्यातला प्रत्येक भाग मुलाला दिसतो, बदलता येतो आणि मोडला तर पुन्हा करता येतो.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. दाबलेल्या हवेची बाटली फुटली तर इजा होते, आणि सुटलेले रॉकेट तोंडावर बसले तर डोळा जाऊ शकतो. पण हा धोका नियमांनी आवरता येतो. बाटली सोडायुक्त शीतपेयाचीच घ्यावी. ती दाब सोसण्यासाठीच बनलेली असते, साध्या पाण्याची पातळ बाटली मुळीच घेऊ नये. ओरखडे पडलेली, उन्हात राहून ठिसूळ झालेली बाटली टाकून द्यावी. पहिल्यांदा वापरण्याआधी बाटली काठोकाठ पाण्याने भरून ठरलेल्या दाबापेक्षा थोडा जास्त दाब देऊन पाहावा. पाणी हवेसारखे दबत नाही, त्यामुळे बाटली फुटलीच तरी स्फोट होत नाही, नुसती चीर जाते. दाब ५० पौंडांच्या वर नेऊ नये, पंप शिक्षकांनी मारावा, खटक्याची दोरी दहा मीटर लांब असावी, आणि न सुटलेल्या रॉकेटवर कोणी वाकून पाहू नये. टोकाला धातू नको, फुटक्या चेंडूचा अर्धा तुकडा पुरे. हे नियम मुलांकडून म्हणवून घ्यायचे नसतात, त्यांची कारणे समजावून द्यायची असतात. पदार्थ दाबाखाली कसा वागतो, हा धडाही त्यातच येतो.

तिसरा आक्षेप पाण्याचा. चैत्र-वैशाखात सातपुड्यातल्या पाड्यांवर बाया झऱ्यावरून हंडे वाहून आणतात, तिथे पाणी हवेत उडवायचे? हिशेब करू. वर सांगितलेल्या पंधराही उड्डाणांना मिळून नऊ लिटर पाणी लागते, एका हंड्याइतकेही नाही, आणि ते पिण्याचे असण्याची गरज नाही. ताटे धुतलेले पाणी गाळून घेतले तरी चालते. शिवाय हा प्रयोग उन्हाळ्यात करायचाच नसतो. पहिल्या सत्रात, श्रावणानंतर ओढे भरलेले असतात, तेव्हा तो करावा. चांद्रयान-३ उतरले त्या २३ ऑगस्टचा राष्ट्रीय अवकाश दिनही त्याच सुमारास येतो. त्या दिवशी भाषणांऐवजी पावसाची उघडीप पाहून उड्डाणे झाली, तर दिवस सार्थकी लागेल. देशाची सुरुवातही अशीच लहान होती: २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून देशाचे पहिले रॉकेट उडाले, तेही अमेरिकेहून आणलेले. सुरुवात लहान असणे ही अडचण कधीच नव्हती.

आणि नंदुरबारकडे असा एक प्रश्न आहे, जो सपाट मुलखातल्या शाळेला आपल्या आवारात विचारता येत नाही. तापीकाठचे सारंगखेडा सखल आहे, तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. तोरणमाळची हवा आठ-दहा टक्क्यांनी विरळ असते, म्हणजे रॉकेटला होणारा हवेचा विरोध कमी. मग तेच रॉकेट त्याच दाबाने तोरणमाळवर जास्त उंच जाईल का, आणि गेले तर किती? फरक थोडा असेल, दोन-तीन उड्डाणांत दिसणार नाही. त्यासाठी दोन्हीकडच्या मुलांना सारखी बाटली, सारखे पाणी आणि सारखा दाब ठरवावा लागेल, पुष्कळदा उडवावे लागेल आणि तक्ते एकमेकांना पाठवून ताडून पाहावे लागतील. जिल्ह्यातल्या आश्रमशाळांनी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांनी हा एक प्रयोग मिळून हाती घ्यावा. त्याचे उत्तर कुठल्याही गाईडमध्ये छापलेले नाही, आणि ते शोधण्याची योग्य जागा याच जिल्ह्यातल्या मुलांकडे आहे.