१ जानेवारीची रेषा आणि मैदानावरची मुले

भातकापणी आटोपली की गोव्याच्या गावोगावी कोरड्या शेतात दोन दगडांचा गोल मांडला जातो आणि आठ वर्षांचा मुलगा पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर चेंडूमागे धावू लागतो. तेथे कोणी कोणाचे वय विचारीत नाही. शालेय स्पर्धेचा प्रवेशअर्ज भरण्याची वेळ आली म्हणजे मात्र पहिला प्रश्न जन्मतारखेचाच असतो.

शालेय क्रीडास्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील असे गट असून त्या त्या वर्षीच्या १ जानेवारीस किंवा त्यानंतर जन्मलेली मुलेच त्या गटास पात्र ठरतात. लहानांची गाठ थोरांशी पडू नये, हा नियमाचा हेतू होय, आणि तो योग्यच आहे. परंतु ३ जानेवारी २०१४ रोजी जन्मलेला व २८ डिसेंबर २०१४ रोजी जन्मलेला, असे दोन मुलगे ह्या नियमाने एकाच वयाचे ठरतात. दहाव्या वर्षी हे अंतर आयुष्याच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाइतके असते. उंची, पायातील जोर, धावण्याचा वेग ह्या सर्वांत ते दिसते. निवड करणाऱ्यास मात्र ते वयाचे न वाटता गुणांचे वाटते.

पुढील प्रकार क्रमाक्रमाने घडतो. थोराड मुलगा संघात येतो. त्याला सराव, सामने व मार्गदर्शन अधिक मिळते, आणि दोन वर्षांनी तो खरोखरच सरस झालेला असतो. राखीव बाकावर बसणारा दुसरा मुलगा कंटाळून खेळ सोडतो. त्याने खेळ सोडला ह्याची नोंद कोठेही होत नाही.

हा केवळ तर्क नव्हे. बेल्जियममध्ये १९९७ पर्यंत युवक फुटबॉलची रेषा १ ऑगस्ट होती. तेव्हा निवडल्या जाणाऱ्या मुलांत ऑगस्टपासूनच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा असे. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय नियमानुसार रेषा १ जानेवारीवर आली आणि अल्पावधीतच जानेवारी ते मार्च ह्या महिन्यांत जन्मलेल्यांचे पारडे जड झाले. तारीख बदलली, तशी ‘गुणवान’ मुलेही बदलली!

रेषेचा दुसरा परिणाम वर्गमैत्रीवर होतो. आपल्याकडील शाळांचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. त्यामुळे डिसेंबर २०१४ व जानेवारी २०१५ मध्ये जन्मलेली मुले बहुधा एकाच वर्गात असतात, पण मैदानावर त्यांचे गट वेगळे पडतात. डिसेंबरात जन्मलेल्याला सोबत्यांपेक्षा एक वर्ष आधीच वरच्या गटात जावे लागते. अमेरिकेत २०१७ पासून जन्मवर्षानुसार गट सक्तीचे करण्यात आले होते. वर्गसोबती दुरावतात ही तक्रार तेथेही झाली आणि प्रमुख युवक संघटनांनी २०२६-२७ च्या हंगामापासून पुन्हा १ ऑगस्टची रेषा धरण्याचे ठरविले. अर्थात तेथे आता जुलैत जन्मलेली मुले सर्वांत धाकटी ठरतील, हे उघड आहे.

उशिरा जन्मलेला मुलगा मागेच राहतो, असा मात्र ह्याचा अर्थ नाही. २०१७ साली मडगावसह सहा शहरांत झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेची रेषा १ जानेवारी २००० ही होती. त्या स्पर्धेत भारताचा एकमेव गोल करणारा मणिपूरचा जॅक्सन सिंग जून २००१ मध्ये जन्मलेला होता.

जेथे रेषा आली तेथे वय चोरण्याचा मोहही आला. त्यास आळा घालण्यासाठी २००९ च्या नायजेरियातील विश्वचषक स्पर्धेपासून मनगटाच्या एम.आर.आय. तपासणीचा अवलंब झाला, आणि भारत सरकारनेही २०१० मध्ये वयचोरीविरोधी संहिता लागू केली. मुलाला शाळेत घालताना अंदाजाने १ जून ही तारीख लिहून मोकळे होण्याची आपल्याकडील जुनी रीत ह्या संदर्भात फार अडचणीची ठरते. शाळेचा दाखला व जन्मदाखला ह्यांत मेळ नसेल, तर निर्दोष मुलगाही संशयास पात्र होतो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करणे हा ह्यावरील साधा उपाय आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांच्या शाळाप्रवेशासाठीही आता जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो.

राहता राहिला प्रश्न निवडीतील अन्यायाचा. बेल्जियमच्या फुटबॉल महासंघाने उशिरा वाढीस लागणाऱ्या मुलांसाठी वेगळे राष्ट्रीय युवक संघ ठेवले आहेत. इंग्लंडमध्ये वयाऐवजी शारीरिक वाढ पाहून गट पाडण्याचे प्रयोग झाले आहेत. हे दोन्ही मार्ग खर्चाचे आहेत व गावच्या शाळेस झेपणारे नाहीत. त्या दृष्टीने नेदरलँड्समधील एक प्रयोग आपल्या क्रीडाशिक्षकांना अधिक उपयोगी पडावा. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. निवडकर्त्यांच्या हाती खेळाडूंच्या जन्मतारखांची नुसती यादी दिली, तेव्हा त्यांचा कल मोठ्या मुलांकडेच राहिला. परंतु सदऱ्यांवरील क्रमांक वयाच्या क्रमाने देऊन तसे त्यांना सांगितले, तेव्हा हा कल नाहीसा झाला. धावणाऱ्या मुलाकडे पाहतानाच तो इतरांहून किती लहान आहे, हे त्यांच्या ध्यानी येत होते.

निवड चाचणीच्या दिवशी हे कोणत्याही शाळेस करता येईल. हजेरीपटावरून जन्मतारखा उतरवून घ्याव्यात, सर्वांत थोरल्यास १ क्रमांक द्यावा, धाकट्यास शेवटचा, आणि चाचणी पाहणाऱ्यांना हा क्रम आधी समजावून सांगावा. क्रमांकाचे सदरे नसल्यास कागदावर आकडे लिहून ते पाठीवर टाचण्यांनी लावले तरी चालते.