वळवाच्या वाऱ्यात आडोसा कोणता?

लोणी भापकर, मोरगाव, सुपे या बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात चैत्र-वैशाखाच्या दुपारी मोकळ्या रानातून धुळीचा खांब गरगरत जाताना प्रत्येकाने पाहिला असेल. ही वावटळ. अलीकडे तिलाच ‘टोर्नेडो’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती बरोबर नाही. वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर उठते. डोक्यावर आभाळ निरभ्र असते आणि काही मिनिटांत ती विरते. टोर्नेडो गडगडाटी ढगाच्या तळातून सोंडेसारखा खाली उतरतो, आणि तीव्र असेल तर त्यातील वारा ताशी 300 किलोमीटरही ओलांडतो. 26 एप्रिल 1989 रोजी बांगलादेशातील माणिकगंज भागात अशाच एका टोर्नेडोने सुमारे 1,300 माणसांचा बळी घेतला.

महाराष्ट्रात टोर्नेडो विरळा. आपल्याकडे घात होतो तो वळवाच्या वादळाने. दुपारनंतर ढग उंच चढतो, त्यातील पाऊस आणि गारांमुळे थंड व जड झालेली हवा एकदम खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूकडे धावते. उकाड्यात अचानक गार झुळूक आली आणि क्षितिजावर धुळीची भिंत दिसली, तर हाताशी मोजकीच मिनिटे आहेत असे समजावे.

या मिनिटांत माणूस नेमके चुकीचे करतो. जवळचा आडोसा गाठतो. 9 एप्रिल 2023 रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात मंदिराच्या पत्र्याच्या शेडमध्ये भाविक उभे होते. शेजारचा मोठा कडुनिंब शेडवर कोसळला आणि सात जण दगावले. 13 मे 2024 रोजी घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर 120 फूट लांब व तितकाच उंच जाहिरातफलक पडून 17 जणांचा अंत झाला. दोन्ही ठिकाणी माणसे मेली ती डोक्यावर कोसळलेल्या वस्तूखाली.

म्हणून आडोसा हवा तो पक्क्या स्लॅबचा. खिडक्यांपासून दूर, आतली लहान खोली सर्वांत बरी; टोर्नेडोच्या देशांतही हाच नियम सांगतात. हवेचा दाब समान राहावा म्हणून खिडक्या उघडाव्यात, ही समजूत निराधार आहे. रस्त्यात असाल तर झाड, फलक, विजेचे खांब टाळून गाडी थांबवावी आणि काचा बंद करून आतच बसावे. विजेपासूनही बंद मोटार बऱ्यापैकी संरक्षण देते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप परिसरातील विजेची सूचना मोबाइलवर देते. अक्षय तृतीयेच्या पारण्याचे मांडव ऐन वळवाच्या दिवसांतच उभे राहतात. मांडव घालणाऱ्याला दोर-खुंट्यांविषयी विचारतानाच जवळ पक्की इमारत कोणती, हेही संयोजकांनी ठरवून ठेवावे.

दुकान-गोदामाचा विचार वेगळा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. अर्धे उघडे शटर म्हणजे वाऱ्याला आत घेणे. तो आतून पत्रा वर ढकलतो, बाहेरचा वारा वरून ओढतो आणि छप्पर उडते. शटर वेळीच पूर्ण खाली घ्यावे. मात्र वादळ सुरू झाल्यावर पत्रा धरायला किंवा माल झाकायला कोणी, विशेषतः नोकरमाणसांनी, वर चढता कामा नये. सैल झालेले हुक-बोल्ट फाल्गुनातच आवळून घ्यावेत.

बँकेत माल तारण ठेवताना विमा उतरवलेला असतो, म्हणून पुष्कळ व्यापारी निश्चिंत असतात. पॉलिसी मात्र क्वचितच वाचली जाते. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पॉलिसीत वादळ आणि टोर्नेडो दोन्ही समाविष्ट आहेत. पण विमा असतो तो पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यावरील मालाला. हंगामात माल दुसऱ्या शेडमध्ये हलवला आणि कंपनीला कळवले नाही, तर दावा अडतो. पत्ता आणि मालाची रक्कम दरवर्षी वळवाआधी तपासावी, आणि साठ्याच्या नोंदीची एक प्रत त्या पत्र्याखाली न ठेवता घरी ठेवावी.