साडेतेरा सेंटिमीटर

2019 मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 2.01 लाख टन मासळी उतरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींतला हा 45 वर्षांतला नीचांक. आदल्या वर्षीचा आकडा होता 2.95 लाख टन. एका वर्षात 94 हजार टनांची तूट. एवढी मासळी दहा टनी ट्रकांत भरायची तर 9,400 ट्रक लागतील. नऊ मीटरचा एक ट्रक धरा आणि पुण्याच्या बुधवार पेठेपासून एकामागे एक उभे करत चला. रांग घाट उतरून खोपोलीला टेकेल.

त्या वर्षी क्यार आणि महा या चक्रीवादळांनी होड्या बंदरात अडकवून ठेवल्या, हे खरे. पण सगळे खापर वादळांवर फोडता येत नाही.

मासे बेसुमार अंडी घालतात, मग ते संपतील कसे, असे आपल्याला वाटते. सुरमईची एक मादी लाखांनी अंडी सोडते. तरी प्रजेची संख्या आहे तेवढी टिकायला मादीच्या आयुष्यभरातल्या अंड्यांतून सरासरी दोनच पिल्ले मोठी होऊन विणीला लागली की पुरे. लाखांतली दोन! बाकीची समुद्रच खातो. ती दोन विणीआधीच जाळ्यात आली, तर लाखांच्या आकड्याला काडीचा अर्थ उरत नाही.

म्हणून मला टनांपेक्षा मिलिमीटर महत्त्वाचे वाटतात. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली : बांगडा 110 मिलिमीटर, पापलेट 135, बोंबील 180, सुरमई 370. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या शाळेच्या फूटपट्टीवर पहिले तिघे मावतात, सुरमईला मात्र दुसरी पट्टी जोडावी लागते. त्याच महिन्यात पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. मानापेक्षा मापाचा त्याला जास्त उपयोग.

माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होते. दहा सेंटिमीटरचे एक किलो पापलेट वीस सेंटिमीटरचे झाले असते, तर आठ किलो भरले असते. त्यातले काही मध्येच मेले असते, हे धरूनही सौदा वाईट नाही. गणेश पेठेच्या मासळी बाजारात मोठे परवडत नाही म्हणून वाटाभर चिमुकली पापलेटे घेणारा पुणेकर स्वस्तात मिळाली म्हणून खूश असतो. खरे तर बाजारातली सगळ्यांत महागडी मासळी त्याच्याच पिशवीत असते.

जगभर जे साठे तपासले जातात त्यांपैकी 37.7 टक्के अतिमासेमारीने खंगले आहेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 2024 चा अहवाल सांगतो. आपल्याकडे 2022 मध्ये तपासलेल्या 135 साठ्यांपैकी 91.1 टक्के ठीक निघाले. त्यामुळे ‘समुद्र रिकामा झाला’ ही ओरड मला पटत नाही. सांभाळण्याजोगे अजून पुष्कळ आहे.

1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिक नौकांना बंदी असतेच. थवेच्या थवे वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवरही 2016 मध्ये राज्याने बंधने घातली आणि 494 परवाने टप्प्याटप्प्याने 182 वर आणायचे ठरवले. पण राज्याचा अंमल 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे जेमतेम 22 किलोमीटर.

ट्रॉल जाळ्याच्या शेपटाकडच्या पिशवीला 40 मिलिमीटरचे चौकोनी आस, म्हणजे छिद्रे, असावीत, असा आग्रह आहे, तो पिल्ले वाचावीत यासाठीच. शंकरपाळ्याच्या आकाराचे आस जाळे ओढताना ताणून मिटतात आणि पिल्ले आत कोंडतात. चौकोनी आस ताणाखालीही उघडे राहतात, आणि बरीचशी लहान पिल्ले त्यातून निसटून जाऊ शकतात.